छोटे खासगी विमान आणि प्रवासी जेट: नियंत्रक रांग कशी लावतो?

पश्चिमवारा

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी राहून मी छंद म्हणून चार आसनी विमान चालवतो. पुण्या-मुंबईहून येणारे नातेवाईक आणि इथल्या मराठी मंडळातील मित्र मला एक प्रश्न हमखास विचारतात: शेजारच्या धावपट्टीवर तीनशे माणसांचे बोइंग उतरत असताना एकट्यादुकट्याच्या सेस्नाला, म्हणजे छोट्या खासगी विमानाला, एटीसीवाले (हवाई वाहतूक नियंत्रक) दाद तरी देतात का? नियंत्रक माणसांची संख्या पाहून रांग लावतो, असे या प्रश्नात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक चुकीचे आहे असे माझे ठाम मत आहे आणि ते सविस्तर मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

अमेरिकेतील नियंत्रक एफएए या सरकारी विमान वाहतूक यंत्रणेच्या ७११०.६५ क्रमांकाच्या आदेशानुसार काम करतात. परिस्थिती परवानगी देईल तोवर जो आधी येईल त्याला आधी सेवा द्यावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. अपवादही तिथेच नोंदवलेले आहेत: संकटात सापडलेले विमान, तातडीच्या वैद्यकीय कामावरचे विमान, शोध आणि बचाव कार्यातील विमान, राष्ट्राध्यक्षांचे विमान आणि असेच आणखी काही. प्रवासी कंपनीचे विमान हा त्या यादीतला अपवाद नाही.

तरीही छोट्या विमानाला पुष्कळदा वेगळी वागणूक मिळते, हे मला नाकारायचे नाही. तिचे पहिले कारण हवाई क्षेत्राच्या वर्गवारीत आहे. अमेरिकेत १८,००० फुटांपासून वरचे ‘ए’ वर्गाचे आकाश उपकरणांच्या आधारे, म्हणजे आयएफआर नियमांनी उडणाऱ्यांसाठीच राखलेले असते. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या मोठ्या विमानतळांभोवती ‘बी’ वर्गाचे क्षेत्र असते आणि बाहेर पाहून, म्हणजे व्हीएफआर नियमांनी उडणाऱ्या वैमानिकाला त्यात शिरण्यापूर्वी नियंत्रकाकडून प्रवेशाची परवानगी स्पष्ट शब्दांत ऐकावीच लागते. ‘सी’ आणि ‘डी’ वर्गांत तेवढे लागत नाही. नियंत्रकाने उत्तर देताना तुमचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचे विमानाचे नाव, उच्चारला आणि बाहेर राहा असे सांगितले नाही, की दुतर्फा संपर्क झाला असे धरले जाते. व्हीएफआर विमानाला आसपासच्या विमानांची माहिती देत राहण्याची सेवा, जिला आम्ही फ्लाइट फॉलोइंग म्हणतो, ती नियंत्रकाला सवड असेल तरच मिळते. उलट तीच सेस्ना आयएफआर आराखडा भरून उडाली, तर तिला इतर आयएफआर विमानांपासून अलग ठेवण्याची जबाबदारी नियंत्रकावर तितकीच येते, जितकी एअरबसच्या बाबतीत येते. म्हणजे सेवेचा दर्जा तुम्ही कोणत्या नियमांखाली उडता यावर ठरतो. विमानाची किंमत तिथे कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट पुष्कळांना खरी वाटत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या विमानतळाच्या बरोबर डोक्यावरून जाण्याची परवानगी छोट्या विमानाला अनेकदा सहज मिळते, पण त्याच विमानतळापासून काही मैल दूर, सॅन माटेओ पुलाजवळून आडवे जायचे म्हटले तर नियंत्रक नकार देतो किंवा खाली ठेवतो. कारण उघड आहे. धावपट्टीच्या मध्यावर प्रवासी विमाने जमिनीवर किंवा जमिनीलगत असतात, त्यामुळे दोन-अडीच हजार फुटांवरचे आकाश तिथे मोकळे असते. पुलापाशी मात्र उतरणारी जेट विमाने नेमकी दोन हजार फुटांच्या आसपास असतात. लॉस एंजेलिसमध्ये तर विमानतळाच्या वरून छोट्या विमानांसाठी एक खास मार्गिकाच आखलेली आहे. आग्नेयेकडे जाताना ३,५०० फूट आणि वायव्येकडे जाताना ४,५०० फूट उंची धरायची, ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर, १२०१ हा संकेतांक लावायचा आणि नियंत्रकाशी एक शब्दही न बोलता देशातील सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एका विमानतळावरून पार व्हायचे. छोट्या विमानांना तुच्छ लेखणाऱ्या व्यवस्थेने अशी वाट राखली नसती.

मुठाकाठ

लेख आवडला, पण मूळ मुद्दा पटला नाही. मी नेहमी प्रवासी म्हणून उडणारा माणूस आहे. एकशे ऐंशी माणसे आणि टनावारी इंधन घेऊन एक विमान ताटकळत आहे आणि त्याच्या पुढे हौसेखातर उडणारा एक गृहस्थ उतरतो आहे, या प्रसंगात ‘जो आधी येईल त्याला आधी’ हे तत्त्व मला न्याय्य वाटत नाही. सार्वजनिक सुविधा अधिक लोकांच्या उपयोगी पडावी, हे तत्त्व इथे का लागू होऊ नये?

उजवीखुर्ची

मी एका प्रवासी कंपनीत सहवैमानिक आहे आणि माझे सुरुवातीचे प्रशिक्षण छोट्या विमानांवरच झाले, त्यामुळे दोन्ही बाजूंनी हा अनुभव घेतला आहे. मुठाकाठ यांनी उभा केलेला प्रसंग जसाच्या तसा क्वचितच घडतो, कारण नियंत्रक तो घडण्याआधीच मोडून काढतो. तो का मोडावा लागतो, हे आकड्यांनी सांगतो.

आमचे जेट अंतिम टप्प्यात साधारण १४० नॉट (ताशी १४० सागरी मैल) वेगाने येते. दोन जेट विमानांत तीन सागरी मैलांचे अंतर ठेवले, तर एकामागून दुसरे सुमारे ७७ सेकंदांनी धावपट्टीच्या तोंडाशी पोहोचते. आता त्यांच्यामध्ये ९० नॉट वेगाने येणारी सेस्ना घाला. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे जोरदार भोवरे सुटतात आणि ते हळूहळू खाली बसत जातात. त्यात सापडलेले हलके विमान क्षणात उलटे होऊ शकते. म्हणून अमेरिकी नियमांनुसार बोइंग ७३७ सारख्या विमानामागे धावपट्टीच्या तोंडाशी चार मैल, तर त्याहून अवजड विमानामागे सहा मैल अंतर सेस्नाला द्यावे लागते. चार मैल ९० नॉटने कापायला १६० सेकंद लागतात. त्यात मागून येणाऱ्या जेटचे ७७ सेकंद मिळवले, तर २३७ सेकंद होतात, म्हणजे सर्वसाधारण अंतराच्या तिपटीहून थोडे अधिक. याचा अर्थ असा की त्या लांब सरळ वाटेवर एक सेस्ना एकटीच दोन जेट विमानांची जागा खाते. यात तिच्या मालकाच्या श्रीमंतीचा किंवा प्रवाशांच्या संख्येचा संबंध नाही. तोच नियंत्रक ताशी एकशे साठ मैलांनी धावणाऱ्या आणि शंभर मैलांनी रांगणाऱ्या दोन वस्तू एका दोरीत ओवू पाहत असतो.

म्हणून चांगला नियंत्रक छोट्या विमानाला त्या दोरीत आणतच नाही. तो त्याला बाजूने आत घेतो, नजरेने उतरायला सांगतो, जवळून वळण घ्यायला लावतो आणि शक्य असेल तर वेगळी धावपट्टी देतो. ऑकलंडला उत्तरेकडच्या २८ डावी आणि २८ उजवी या धावपट्ट्यांवर लहान विमाने उतरतात, तर प्रवासी जेट दक्षिणेकडच्या लांब धावपट्टीवर उतरतात. त्यामुळे एकाच विमानतळावर दोन्ही प्रकारची वाहतूक एकमेकींना फारशी न अडवता चालते. पुढच्या विमानाकडे पाहून उतरण्याचे वैमानिकाने मान्य केले, की भोवऱ्यांपासून दूर राहण्याची जबाबदारी त्याच्याकडे जाते आणि नियंत्रक त्याला फक्त सावधगिरीचा इशारा देतो. त्यामुळे वेळ वाचतो, पण नवख्या वैमानिकाने ही जबाबदारी समजून-उमजूनच घ्यावी, असे मी कळकळीने सांगेन. पुढच्या जेटच्या उतरणीच्या रेषेहून वर राहावे आणि ते जिथे टेकले त्याच्या पुढे टेकावे, हा नियम कधीही मोडू नये.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करतो. वेळ आली की वळसा घालण्याचा आदेश बहुतेक वेळा छोट्यालाच मिळतो. ‘डाउनविंड लांबवा, बेसला केव्हा वळायचे ते मी सांगेन’ (म्हणजे धावपट्टीला समांतर तसेच पुढे जात राहा, उतरण्यासाठी इतक्यात वळू नका) किंवा ‘उजवीकडे एक पूर्ण फेरी मारा’ हे शब्द सेस्नावाल्यांनी आयुष्यभर ऐकलेले असतात. सेस्ना अर्ध्या मैलात फिरू शकते आणि त्यासाठी तिला थोडेसेच इंधन लागते. आम्हाला परत फिरवायचे तर पुन्हा उंची घेऊन, नव्याने रांगेत लागून दहा-पंधरा मिनिटे जातात. ‘परिस्थिती परवानगी देईल तोवर’ या शब्दांत हे सगळे सामावलेले आहे. मुठाकाठ, तुम्हाला हवा असलेला न्याय नियंत्रक प्रवासी न मोजताही बऱ्याच अंशी करतोच.

निरभ्र

मी भारतात नियंत्रक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. वरची चर्चा अमेरिकेची आहे. आपल्याकडील चित्र वेगळे आहे आणि ते नीट समजून घेतले पाहिजे.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते. अशा विमानतळावर सेस्ना किंवा लहान बिझनेस जेट मध्ये घेतले की उजवीखुर्ची यांनी मांडलेला हिशेब तिथे अधिकच कठोरपणे लागू होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतील गर्दीच्या तासांमधील उड्डाणे ताशी ४६ वरून ४४ वर आणि इतर वेळी ४४ वरून ४२ वर आणायला लावली, तेव्हाच गर्दीच्या तासांमध्ये खासगी आणि बिगर-नियमित विमानांवर निर्बंधही घातले. म्हणजे सकाळी ८ ते ११ आणि सायंकाळी ५ ते ८ या वेळांत छोट्या विमानाशी कसे वागावे, हा प्रश्न नियंत्रकापुढे जवळजवळ येतच नाही. त्याचे उत्तर आधीच वेळापत्रकाने दिलेले असते.

दुसरा फरक परवानग्यांचा आहे. अमेरिकेत निरभ्र दिवशी माणूस विमान बाहेर काढून कोणालाही न विचारता उडू शकतो. आपल्याकडे स्थानिक प्रशिक्षणाच्या ठरावीक सवलती सोडल्या तर प्रत्येक उड्डाणाला हवाई संरक्षणाचा एडीसी क्रमांक आणि उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक घ्यावा लागतो. सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपासून सूर्योदयाआधी वीस मिनिटांपर्यंत, विशेष परवानगीखेरीज, व्हीएफआर उड्डाण करता येत नाही. त्यातही पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आणि गोव्याचे दाबोळी नौदलाचे आहे. तिथे नियंत्रण लष्कराकडे आहे आणि लष्करी उड्डाणांच्या वेळा सांभाळूनच नागरी विमानांना, मग ती मोठी असोत वा लहान, जागा मिळते.

हे सगळे पाहिले की मला एक खंत वाटते. ज्या मुंबईत १९२८ साली जुहूला देशातला पहिला नागरी विमानतळ आणि फ्लाइंग क्लब सुरू झाला, जिथे १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये जे. आर. डी. टाटा एका छोट्या पस मॉथ विमानातून कराचीहून टपाल घेऊन उतरले, तिथून छोट्या विमानांचे प्रशिक्षण धुळ्याला न्यावे लागले आणि जुहूला मुख्यतः हेलिकॉप्टर उरली. याचा दोष नियंत्रकांचा नाही. मोठ्या शहराजवळ छोट्या विमानांसाठी वेगळी धावपट्टी राखली नाही, तर नियंत्रक कितीही समदृष्टीचा असला तरी त्याच्या हाती देण्यासारखे काही उरत नाही. ऑकलंडच्या उत्तरेकडच्या धावपट्ट्या आणि मुंबईची परिस्थिती यांतला हा फरक नियोजनाचा आहे.

पश्चिमवारा

निरभ्र, तुमचा प्रतिसाद या धाग्याला फार मोलाचा आहे. तुम्ही म्हणता ते अमेरिकेतही एका अर्थी खरे आहे. सार्वजनिक वापराच्या सुमारे पाच हजार विमानतळांपैकी जेमतेम दहाव्या हिश्शावर टॉवर आहे. उरलेल्या ठिकाणी वैमानिक एकमेकांना रेडिओवर आपली जागा सांगत स्वतःच क्रम लावतात. छोट्या विमानांना ही मोकळीक आहे म्हणूनच ती मोठ्या विमानतळांवर फारशी गर्दी करत नाहीत.

आज जे निर्बंध आम्हाला जाचक वाटतात, त्यांच्यामागचा इतिहासही सांगायला हवा. २५ सप्टेंबर १९७८ रोजी सॅन दिएगोवर पीएसए कंपनीचे बोइंग ७२७ आणि एक सेस्ना १७२ यांची टक्कर होऊन १४४ माणसे गेली. नियंत्रकाने जेटच्या वैमानिकांना सेस्नाची सूचना दिली होती, त्यांनी ती दिसल्याचे सांगितले होते. पुढे सेस्ना नजरेआड झाली आणि हे त्यांनी नियंत्रकाला स्पष्ट कळवले नाही. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजेलिसजवळ सेरिटोसवर एरोमेक्सिकोचे डीसी-९ आणि एक छोटे पायपर विमान आदळले. जमिनीवरच्या १५ जणांसह ८२ जण मृत्युमुखी पडले. पायपर परवानगीविना नियंत्रित क्षेत्रात शिरले होते आणि त्याचा ट्रान्सपॉन्डर उंची सांगणारा नव्हता. त्याच वेळी नियंत्रक परवानगीविना शिरलेल्या दुसऱ्याच एका छोट्या विमानाशी बोलण्यात गुंतला होता, हा तपशील मला फार अस्वस्थ करतो. एका वैमानिकाच्या बेफिकिरीने नियंत्रकाचे लक्ष खाल्ले आणि दुसऱ्याची चूक त्यामुळे अदृश्य राहिली. उंची सांगणारा ट्रान्सपॉन्डर मोठ्या विमानतळांभोवती ३० मैलांच्या परिघात सक्तीचा झाला आणि प्रवासी विमानांत टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा आली, ती याच अपघातानंतर. आता २०२० पासून त्याच क्षेत्रांत विमानाची जागा सतत प्रसारित करणारे एडीएस-बी हे उपकरणही लागते. ही उपकरणे छोट्या विमानाच्या मालकाला महाग पडतात, पण त्यांच्यामुळेच नियंत्रक त्याला विश्वासाने आत घेऊ शकतो.

मुठाकाठ

उजवीखुर्ची यांचा हिशेब पटला. पण मग पैशाचा प्रश्न राहतो. दोन जेट विमानांची जागा खाणाऱ्याने त्या जागेची किंमत द्यायला नको का?

पश्चिमवारा

हा प्रश्न फार जुना आहे. १९६८ साली न्यूयॉर्कच्या पोर्ट ऑथॉरिटीने आपल्या मोठ्या विमानतळांवर गर्दीच्या तासांत लहान विमानांचे किमान उतरणशुल्क ५ डॉलरवरून २५ डॉलरवर नेले आणि त्या तासांतली छोट्या विमानांची ये-जा झपाट्याने घटली. बॉस्टनमध्ये १९८८ साली लहान विमानांचे शुल्क बरेच वाढवण्यात आले, तेव्हा मात्र संघराज्याच्या परिवहन विभागाने ती आकारणी अवाजवी ठरवली. गर्दीच्या वेळेनुसार दर असावा, पण तो केवळ छोट्यांना हाकलण्यासाठी नसावा, अशी माझी स्वतःची भूमिका आहे. नियंत्रण सेवेचा खर्च इथे करांतून भागतो: प्रवाशाच्या तिकिटावर ७.५ टक्के कर असतो आणि आम्ही पिस्टन इंजिनाच्या प्रत्येक गॅलन इंधनामागे १९.३ सेंट देतो. आमचा वाटा एकूण खर्चाच्या मानाने लहान आहे, हे मान्य केलेच पाहिजे. युरोपात मार्गशुल्क विमानाच्या वजनावर आणि अंतरावर आकारले जाते आणि दोन टनांखालची विमाने त्यातून वगळलेली आहेत.

२०१७ मध्ये अमेरिकेत नियंत्रण सेवा सरकारकडून काढून एका स्वतंत्र महामंडळाकडे देण्याचे विधेयक आले होते. छोट्या विमानांच्या संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला, कारण त्या मंडळावर विमान कंपन्यांचे वजन राहील आणि पुढे सेवेचा क्रम पैशावर ठरू लागेल, अशी त्यांना भीती होती. पुढच्या वर्षी ते बाजूला ठेवले गेले. माझ्या मते ही भीती रास्त होती. १९८१ च्या संपानंतर अकरा हजारांहून अधिक नियंत्रक बडतर्फ झाले, तेव्हा आयएफआरने उडू पाहणाऱ्या छोट्या विमानांना आधी आरक्षण घ्यावे लागत असे. मनुष्यबळ तुटपुंजे झाले की पहिली कात्री आमच्यावर चालते, हे तेव्हा दिसले आहे.

पण संकटाच्या वेळी ही सगळी गणिते बाजूला पडतात, हेही तितकेच खरे आहे. २००९ च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडावर एका किंग एअर या दुइंजिनी विमानाचा वैमानिक उड्डाणानंतर लगेच मरण पावला आणि लहान एकइंजिनी विमानांचा जेमतेम अनुभव असलेल्या प्रवाशाने ते हाती घेतले. नियंत्रकांनी त्या विमानाची माहिती असलेल्या ओळखीच्या वैमानिकाला दूरवर कनेटिकटमध्ये फोन लावला आणि त्याच्या सूचना पुढे सांगत ते विमान फोर्ट मायर्सला उतरवले. १० मे २०२२ रोजी पुन्हा फ्लोरिडातच, विमान कधीही न चालवलेल्या प्रवाशाने सेस्ना २०८ पाम बीचच्या मोठ्या विमानतळावर उतरवली. त्याला मार्गदर्शन करणारा नियंत्रक स्वतः उड्डाण प्रशिक्षकही होता आणि त्याने त्या विमानाच्या कॉकपिटचे चित्र समोर ठेवून एकेक पायरी सांगितली. अमेरिकी नियंत्रकांची संघटना दरवर्षी आर्ची लीग यांच्या नावाने पदके देते. लीग हे १९२९ साली सेंट लुईसला झेंडे दाखवून विमाने सोडणारे देशातले पहिले नियंत्रक. ही पदके मिळवणाऱ्यांपैकी अनेकांनी ढगात अडकलेल्या किंवा वाट चुकलेल्या एखाद्या छोट्या विमानाला जमिनीवर आणलेले असते.

गोंदियाकर

मी सध्या ॲरिझोनात वैमानिकाचे प्रशिक्षण घेत आहे. पहिल्या संपर्कात अनेकदा मला ‘कॉल करणाऱ्या विमानाने थांबावे’ इतकेच उत्तर मिळते, आणि त्याच वेळी प्रवासी विमानांशी मात्र अखंड बोलणे चालू असते. कधी कधी अंतिम टप्प्यात माझ्या विमानाला न झेपणारा वेग धरायला सांगतात. अशा वेळी काय करावे?

निरभ्र

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पश्चिमवारा यांच्या लेखातच आहे: त्या वाक्यात तुमचा कॉलसाइन नाही, म्हणून संपर्क झाला असे धरू नका आणि क्षेत्राबाहेरच राहा. नियंत्रक तेव्हा बहुधा दुसऱ्या विमानाला दिशा देत असतो किंवा शेजारच्या कक्षाशी फोनवर बोलत असतो, जे तुम्हाला ऐकू येत नाही. मिनिटभराने पुन्हा बोलावा. कोणाशी बोलता, तुम्ही कोण, कुठे, किती उंचीवर आणि काय हवे, हे पाच तपशील एका दमात सांगता आले पाहिजेत. विमान कंपन्यांच्या वैमानिकांना लगेच उत्तर मिळते, त्यामागे त्यांची ही सवय मोठे कारण आहे.

दुसऱ्या प्रश्नाबाबत संकोच बाळगू नका. झेपत नसेल तर ‘अनेबल’ (शक्य नाही) म्हणा आणि किती वेग धरू शकता तो आकडा लगेच सांगा. नियंत्रकाला नकाराचे वाईट वाटत नाही. मान्य करून नंतर वेग सोडणारे विमान त्याला खरी अडचण करते, कारण तोवर मागचे जेट जवळ आलेले असते. पहिल्या कॉलला आपल्या कॉलसाइननंतर ‘स्टुडंट पायलट’ हे शब्द जोडा. त्यांची तरतूद अमेरिकेच्या अधिकृत वैमानिक माहिती पुस्तिकेत आहे. ते ऐकल्यावर नियंत्रक सूचना लहान तुकड्यांत देतो आणि तुमच्या मागच्या विमानाला थोडे अधिक अंतर ठेवतो.